रंग पानाला नको, चौकटीला द्या
महत्त्वाची सूचना उठून दिसावी म्हणून अख्ख्या पानाला रंगीत पार्श्वभूमी द्यावी, असं काहीजण सुचवतात; पण कॉन्फ्लुअन्समध्ये (टीमची पानं लिहायचं ऑनलाइन साधन) मी तरी पॅनलच, म्हणजे रंगीत चौकटच वापरेन. तिरकी रेघ (/) टाइप केली की यादी उघडते, त्यातून कस्टम पॅनल घ्यायचं. रंग, इमोजी हवा तो. आमच्या सॉफ्टवेअर रिलीजच्या पानावर ‘शुक्रवारी चारनंतर डिप्लॉय नाही’ (म्हणजे नवा कोड चालू करायचा नाही) एवढंच लाल चौकटीत आहे, बाकी सगळं पांढरं. तेवढं मात्र झाडून सगळे वाचतात! पिवळ्यावर करडी अक्षरं नकोत: डब्ल्यूसीएजी या वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो. लाल-हिरव्यातला फरक न कळणारेही टीममध्ये असतात, तेव्हा रंगासोबत ‘थांबा’, ‘चालू’ असं लिहाच. आणि डार्क मोडमध्ये पान एकदा उघडून बघा.