मदत हवी आहे: जुन्या बाजारात मिळालेले चार धातूचे घोडेस्वार. देव की खेळणी?

कोथिंबीरवडी

गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात कुकरची शिट्टी शोधायला गेले होते. शिट्टी मिळाली नाही. एकाच्या चादरीवर गंजकी कुलपं, नळाच्या तोट्या आणि काटे नसलेली घड्याळं यांच्या ढिगात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात हे चौघे. "पितळ आहे ताई, जुनं पितळ." दीडशे रुपयांत चारही दिले.

तेव्हापासून घरात वाद चालू आहे. सासूबाई म्हणतात, डोक्याला फेटा, हातात भाला, खाली घोडा, म्हणजे खंडोबाच. कुणाच्या तरी देवघरातले देव भंगारात गेले आणि तू ते भाजीच्या पिशवीत घालून आणलेस. लेक (इयत्ता तिसरी) म्हणतो, सैनिक आहेत, मला द्या.

फोटो चढवता येत नाहीये, म्हणून वर्णन देते. तिघं एकाच घराण्यातले दिसतात. भाला सोडून घोड्यासकट साधारण तीन इंच उंच. रंग दिलेला होता, आता निम्मा उडालाय. अंगरख्याच्या घड्यांमध्ये मात्र पिवळा शिल्लक आहे. गंमत म्हणजे तिघांचाही उजवा हात खांद्यापासून वर-खाली फिरतो. एकाचा भाला मोडलाय. लोहचुंबक चिकटत नाही.

चौथा वेगळाच. अंगठ्याएवढा, पिवळाधमक, कधी रंग दिलेला नाही. घोड्यावर दोघं बसलेत, नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेत. घोड्याच्या पोटाखाली काहीतरी प्राणी आहे.

आणि एक गाढवपणा कबूल करते. पितळ समजून तिघांपैकी एकाला चिंच लावून घासला. उरलासुरला रंग गेला आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरी भुकटी आली. काय केलंय मी?

तांबडाफुटाणा

चिंचेचं वाचून पोटात गोळा आला. बाकीच्या दोघांना हात लावू नका!

एक करा. त्या चिंचवाल्याचा पाय कोऱ्या कागदावर हलकेच ओढा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर ते शिसं. (शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, पण तुमच्या स्वारात नक्की असेल.) दुसरं, फेट्यावर किंवा कुठेतरी टाचणी जाईल एवढं भोक आहे का, आणि घोड्याच्या पोटाखाली अक्षरं आहेत का, ते बघा.

कोथिंबीरवडी

रेघ उठली! भोकही आहे. पोटाखाली उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत. मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यावर लागली: 'ब्रिटन्स लि.', 'मेड इन इंग्लंड'. बाकीची झिजलीत.

तांबडाफुटाणा

मग लेक जिंकला. हे लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचे खेळण्यातले सैनिक. त्याआधी शिशाचे सैनिक मुख्यतः जर्मनीहून यायचे, ते भरीव किंवा चपटे. विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये पोकळ ओतकाम आणलं. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, साच्याला लागून पातळ कवच गोठलं की आतलं उरलेलं परत बाहेर ओतून द्यायचं. शिसं कमी, वजन कमी, म्हणून किंमतही कमी. ते भोक त्यातलंच.

कंपनीच्या नावात 'लिमिटेड' लागलं १९०७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये शिशाची खेळणी बनणं थांबलं १९६६ मध्ये. तुमचे स्वार या दोहोंच्या मधले.

भालेवाले हिंदुस्थानी घोडदळ ही त्यांची आवडती चीज होती. पिवळ्या अंगरख्यावरून मला तरी स्किनर्स हॉर्स वाटतात. जेम्स स्किनरनं १८०३ मध्ये उभी केलेली ही पलटण पिवळ्या पोशाखासाठीच प्रसिद्ध. खडकी-कॅम्पातल्या एखाद्या साहेबाच्या पोराचे असावेत, हा आपला माझा अंदाज.

वैद्यबुवा_नाही

गंमत बाजूला ठेवून: ती पांढरी भुकटी शिशाची आहे, विषारी आहे. फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशनं झाडू नका. ओल्या कागदानं टिपून घ्या, कागद टाकून द्या, हात साबणानं धुवा. तिसरीतल्या मुलाला खेळायला अजिबात देऊ नका, बघायला द्या. लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यातही नको. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटते, तीही शिसं खाते. काचेची बरणी उत्तम. आणि ज्या भांड्यात चिंच कालवली ते आता स्वयंपाकाला वापरू नका.

ओतारीगल्ली

चौथ्याबद्दल कुणीच बोलेना. तो पोटाखालचा प्राणी कुत्रा आहे का बघा. घोड्यावर दोघं आणि खाली कुत्रा, म्हणजे खंडोबा-म्हाळसा. आमच्याकडे अशा मूर्ती पूर्वी मेणाचा साचा करून ओतत. मेणावर माती लिंपायची, भाजली की मेण वाहून जातं, त्या पोकळीत पितळ. साचा फोडूनच मूर्ती काढतात, म्हणून एकासारखी दुसरी नसते. तुमचे तीन स्वार जुळे-तिळे आहेत ना? तो धातूच्या कायमच्या साच्याचा माल.

नाकडोळे झिजलेत म्हणता, ते रोजच्या स्नानानं. एवढी झीज एका पिढीत होत नाही. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे.

शंकासुर

पण भाला? खंडोबाच्या हातात तर खंडा, म्हणजे रुंद तलवार, हवी.

ओतारीगल्ली

अहो, भाला त्या तिघांच्या हातात आहे, ते खंडोबा नाहीतच. चौथ्याच्या हातात काय आहे ते त्या ताईच सांगतील.

कोथिंबीरवडी

कुत्राच आहे! शेपूट वर वळलेली. हातातलं शस्त्र अंगाला चिकटून झिजलंय, पण आडवं आणि रुंद आहे, भाला नक्की नाही.

सासूबाईंना वाचून दाखवलं. "निम्मं कसलं, देव तो देवच," म्हणाल्या. आता प्रश्न असा, की दुसऱ्या घरचा देव ठेवायचा की नदीत सोडायचा? शेजारच्या काकू म्हणाल्या सोडा. सासूबाईंनी काही न बोलता वाटीत तांदूळ घेतले, त्यावर त्याला बसवला आणि डब्यातली हळद चिमूटभर उधळली. जेजुरीला जाऊ तेव्हा गुरवांना विचारू, तोवर राहू दे, असं ठरलंय.

तिघं स्वार लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, झाकण घट्ट लावून, शोकेसच्या वरच्या फळीवर. चिंचवाला मागे उभा केलाय. मोडक्या भाल्याचं काही करता येईल का? फेव्हिक्विक चालेल?

तांबडाफुटाणा

नाही!!! तसाच राहू दे.