अन्नपूर्णेची धार आणि मेसनरचा विक्रम: गिनेसचा निर्णय तुम्हाला पटतो का?

कातळवाट

सप्टेंबर २०२३ मध्ये गिनेसने गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांचा सगळ्यात मोठा विक्रम बदलला. चौदाही आठ-हजारी (आठ हजार मीटरहून उंच) शिखरं सर्वांत आधी चढणारा माणूस म्हणून आता तिथे अमेरिकेच्या एड व्हिस्टर्स यांचं नाव आहे. कारण काय, तर १९८५ साली अन्नपूर्णेवर मेसनर आणि त्यांचे सोबती हान्स कामरलांडर खऱ्या माथ्याच्या ६५ मीटर अलीकडे, उंचीने जेमतेम ५ मीटर खाली थांबले, असा निष्कर्ष एबरहार्ड युर्गाल्स्की या जर्मन अभ्यासकाने काढला. जुने फोटो, चढाईची वर्णनं आणि धारेची नवी मोजणी ताडून त्यांनी हे मांडलं. परवा आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर हा विषय पुन्हा निघाला आणि निम्म्या मंडळींनी "नियम म्हणजे नियम" म्हणून तो मिटवला. मला हे अजिबात पटलेलं नाही.

हा मेसनर कोण आहे ते आधी बघा. इटलीतल्या दक्षिण टिरोलमधल्या एका शाळामास्तरांचा मुलगा. ८ मे १९७८ रोजी पीटर हाबेलर यांच्यासोबत ऑक्सिजनचं नळकांडं न घेता एव्हरेस्टवर पोचला. तोवर जाणकारसुद्धा सांगत होते की त्या उंचीवर असं केलं तर मेंदू कायमचा निकामी होईल. दोन वर्षांनी, २० ऑगस्ट १९८० रोजी, तिबेटच्या बाजूने, ऐन पावसाळ्यात, एकटा पुन्हा वर गेला. त्या चढाईची सुरुवातच कशी झाली बघा. नॉर्थ कोल या खिंडीच्या खाली पहाटेच्या अंधारात पायाखालचा बर्फाचा पूल तुटला आणि तो क्रेव्हासमध्ये, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत पडला. डोक्यावरचा दिवा विझला. दोर नाही, सोबती नाही. इथून सुटलो तर घरी जायचं, असं त्याने आत ठरवलं. मग एका बाजूला बर्फाचा उतार सापडला, बाहेर आला आणि वरची वाट धरली.

१६ ऑक्टोबर १९८६ रोजी ल्होत्से झालं आणि चौदा पूर्ण झाली. सगळी कृत्रिम प्राणवायूशिवाय. त्यानंतर १९८९-९० मध्ये आर्व्हेड फुक्स यांच्यासोबत ९२ दिवसांत अंटार्क्टिका पायी आणि स्कीवर पार केलं, साधारण २८०० किलोमीटर. १९९३ साली डॉक्टर भाऊ हुबर्टबरोबर ग्रीनलंड उभं ओलांडलं.

अन्नपूर्णेचा माथा म्हणजे लांबलचक धार आहे. तिच्यावर उंचवटे अनेक आणि त्यांच्या उंचीत फरक अगदी थोडा. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर ढग उतरले की तारामतीचं नेमकं टोक कुठलं, हे तिथे दहादा गेलेल्यालाही सांगता येत नाही. इथे तर आठ हजार मीटरवर, वादळी हवेत, वायव्येच्या कड्यावरून अगदी नव्या वाटेने ही दोघं आली होती. ३८ वर्षांनी टेबलावर बसून त्यांचा क्रम बदलणं हा अन्याय आहे.

नकाशावाला

मेसनर यांच्याबद्दल मलाही तुमच्याइतकाच आदर आहे, पण तुमचा मुद्दा मान्य नाही. नोंद "सर्वांत थोर गिर्यारोहक कोण" याची नाही. चौदा शिखरांचे माथे आधी कोणी गाठले, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मोजता येतं.

ज्यांना ती जागा मिळाली त्या व्हिस्टर्स यांचीच गोष्ट घ्या. १९९३ साली ते शिशापांग्माच्या मधल्या शिखरावर पोचले. मुख्य शिखर तिथून दिसत होतं, फक्त २० मीटरच्या आसपास उंच. मधली धार सुरीसारखी, बर्फाची अवस्था वाईट, सोबत कोणी नाही. ते परत फिरले आणि शिशापांग्मा झालं असं त्यांनी स्वतःच्या यादीत धरलं नाही. आठ वर्षांनी, २००१ साली, पुन्हा तिथे गेले. त्या धारेवर घोड्यावर बसावं तसे दोन्ही बाजूंना पाय सोडून बसले आणि सरकत सरकत मुख्य माथा गाठला. चौदावं शिखर त्यांनी २००५ साली पूर्ण केलं, आणि ते अन्नपूर्णाच होतं. इतकी सचोटी दाखवणाऱ्याला दुसरा क्रमांक द्यायचा?

शिवाय हा एकट्या मेसनर यांचा प्रश्न नाही. मनास्लूवर वर्षानुवर्षं लोक अलीकडच्या उंचवट्यावर फोटो काढून उतरत होते. २०२१ साली ड्रोनने घेतलेल्या फोटोत नेपाळी गिर्यारोहक मिंग्मा जी यांचं पथक बाजूने आडवं जाऊन खऱ्या माथ्याकडे चढताना दिसलं आणि सगळ्या जगाला कळलं की बाकीचे कुठे थांबत होते. त्यानंतर हिमालयातल्या मोहिमांच्या नोंदी ठेवणाऱ्या हिमालयन डेटाबेसनेही मनास्लूच्या बाबतीत खरा माथा हाच निकष धरला. आज लाखो रुपये भरून मनास्लूला जाणाऱ्या मराठी मुलामुलींना आपण शेवटच्या टोकापर्यंत जा म्हणणार आणि मेसनर यांना मात्र सूट देणार, हे कसं चालेल?

डोंगरवेडी

कातळवाट यांच्याशी सहमत. नकाशावाला, मग कांचनगंगेचं काय करणार? २५ मे १९५५ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज बँड आणि जो ब्राउन माथ्याच्या काही फूट खाली थांबले. सिक्कीमच्या राजाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून सर्वोच्च जागेवर पाऊल ठेवलं नाही. तरी पहिली चढाई त्यांचीच मानतात. युर्गाल्स्की यांच्या यादीतही या कारणावरून कोणाची कांचनगंगा रद्द झालेली नाही. तिथे काही फूट चालतात आणि इथे ५ मीटर चालत नाहीत?

नकाशावाला

@डोंगरवेडी, बँड आणि ब्राउन यांना माथा समोर दिसत होता. का थांबलो ते त्यांनी खाली उतरल्यावर उघड सांगितलं. मेसनर माथ्यावर पोचलो असंच सांगत आले आहेत. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

सांजपाखरू

तुम्ही सगळे ६५ मीटरवर अडकला आहात. मला या माणसाच्या आयुष्यातला १९७० सालचा नंगा पर्बत जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्ल हेरलिगकोफर यांच्या मोहिमेत राइनहोल्डने रुपालच्या ४५०० मीटर उंच भिंतीवरून एकट्याने शेवटची चढाई सुरू केली. धाकटा भाऊ ग्युंटर ठरलेलं काम सोडून त्याच्या मागे निघाला. २७ जूनला दोघंही माथ्यावर पोचले, पण ग्युंटर पार थकला होता आणि दोर जवळ नव्हता. आल्या वाटेने उतरणं अशक्य झालं म्हणून ते पलीकडच्या दियामीर बाजूने उतरले. ग्युंटर तिकडेच गेला. राइनहोल्डच्या पायाची सात बोटं कापावी लागली. मोहिमेतल्या काही सोबत्यांनी पुढे उघड लिहिलं की पलीकडे उतरण्याचा बेत त्याने आधीच केला होता आणि भावाला वरच सोडलं. ज्यांनी त्याच्यासोबत महिने काढले ती माणसं असं का म्हणाली, हे विचारायला नको का? आपण विक्रमवीरांना लगेच देव्हाऱ्यात बसवतो आणि मग प्रश्न विचारणं बंद करतो.

डोंगरवेडी

@सांजपाखरू, प्रश्न जरूर विचारा, पण त्याचं उत्तर मिळालं तेही पूर्ण सांगा. २००५ साली ग्युंटरचे अवशेष दियामीरच्याच बाजूला खाली हिमनदीत सापडले, डीएनए तपासणीत ओळख पटली. २०२२ साली त्याचा दुसरा बूटही तिथेच मिळाला. भावाला रुपालच्या बाजूला माथ्याजवळ सोडलं असतं तर देह दियामीरच्या पायथ्याशी कसा आला असता? पस्तीस वर्षं आईवडिलांसमोर आणि भावंडांसमोर त्याने हा आरोप अंगावर वागवला. मला याबाबत त्याच्यावर आणखी शंका घेणं क्रूर वाटतं.

सांजपाखरू

देह सापडल्याने तो माथ्याजवळ सोडला नाही एवढं सिद्ध होतं, ते मी मानते. थकलेल्या भावाला घेऊन पुढे जायचा निर्णय कसा झाला, हे मात्र हिमनदी सांगू शकत नाही.

ध्रुवतारा_बदलापूर

ध्रुवांकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहितो. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत मेसनर आणि फुक्स यांनी वाऱ्यावर ओढणारी शिडं वापरली आणि वाटेत विमानाने ठेवलेला साठा उचलला. कुत्री नाहीत, इंजिनं नाहीत, म्हणून ती मोहीम मोठी होतीच. पण १९९६-९७ मध्ये नॉर्वेचा बोर्गे औसलंड शिडाच्या मदतीने, मात्र एकटा आणि वाटेत कुठलाही साठा न घेता ६४ दिवसांत पार गेला. तेव्हा कोणी म्हणालं नाही की मेसनरवर अन्याय झाला. ध्रुवीय लोक सोबत कोण होतं, मदत काय घेतली, सुरुवात नेमकी कुठून केली, हे सगळं नोंदीत वेगवेगळं लिहितात. डोंगरवाल्यांनीही तेच करावं. गिनेसनेही मेसनर यांचं नाव पुसून टाकलेलं नाही, जुन्या निकषानुसारचा विक्रम म्हणून ते वेगळं ठेवलं आहे.

कातळवाट

सगळ्यांची मतं वाचली. @ध्रुवतारा, वेगळी नोंद ठेवली आहे हे खरं, पण पहिला म्हणून पोरांच्या पाठ्यपुस्तकात कोणाचं नाव जाणार? आणि खुद्द व्हिस्टर्स यांनीच जाहीर सांगितलं आहे की पहिला मान मेसनर यांचाच राहिला पाहिजे. ज्याला विक्रम मिळाला तोच नको म्हणतोय.

फसवणूक आणि अनिश्चितता यांतला फरकही आपण विसरतोय. २०१६ साली पुणे पोलीस दलातल्या जोडप्याने दुसऱ्याच्या एव्हरेस्टच्या फोटोत स्वतःला चिकटवलं, तेव्हा नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि ते योग्यच होतं. मेसनर यांच्यावर असा आरोप युर्गाल्स्कीसुद्धा करत नाहीत. १९८८ च्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये देऊ केलेलं पदकही त्यांनी नाकारलं, गिर्यारोहण ही स्पर्धा नाही म्हणून.

नकाशावाला

पदक नाकारणाऱ्या माणसाचा विक्रम वाचवायला आपण इतकं का झगडतोय मग? एकच विचारतो. मेसनर यांना अन्नपूर्णेवर सूट दिली, तर १९९३ साली मधल्या शिखरावरून परतलेल्या व्हिस्टर्सना ती का नाही? आणि नसेल द्यायची, तर २००१ साली त्या धारेवर बसून सरकत गेले, त्याची दखल नोंदीत कुठे घ्यायची?

कातळवाट

व्हिस्टर्सना मुख्य माथा दिसत होता आणि आपण तिथे नाही हे ठाऊक होतं, म्हणून ते परत गेले. अन्नपूर्णेच्या धारेवर १९८५ साली ती माहिती कोणाकडेच नव्हती, मोहिमांच्या नोंदी ठेवणाऱ्या काठमांडूच्या एलिझाबेथ हॉली यांच्याकडेही नव्हती. ज्या वर्षी धारेची नेमकी मोजणी झाली त्या वर्षापासून पुढच्या सगळ्यांना नवा निकष लावा, एकालाही सवलत देऊ नका. त्याआधीच्यांना त्यांच्या काळच्या निकषाने मोजा. २००१ ची ती चढाई व्हिस्टर्स यांच्या नावापुढे ठळक लिहा, पण १९८६ चा पहिला क्रमांक मेसनर यांच्याकडेच ठेवा.