तारापूरला एकाच कंपाउंडात दोन वेगळ्या जातीच्या अणुभट्ट्या का आहेत?

बोईसर_लोकल

नमस्कार मंडळी, डोक्यात बरेच दिवस घोळतंय म्हणून धागा काढतोय. टॅप्सच्या (तारापूर अणुवीज केंद्राच्या) युनिट 1 आणि 2 अमेरिकन, 160 मेगावॅटच्या, आणि बाजूलाच 3 आणि 4 देशी, 540 मेगावॅटच्या. आता एकदा अमेरिकन मशीन आणलं, माणसं त्यावर तयार झाली, तर पुढेही तेच बांधायचं ना, मध्येच सगळी पद्धत बदलायची काय गरज होती? आणि हे आशियातलं पहिलं अणुवीज केंद्र असं आमच्याकडे सगळेच सांगतात ते खरं का? कृपया 'गूगल कर' म्हणू नका, केलंय, डोकं जास्त फिरलं.

वाफाळलेला

पहिलं ते निकालात काढतो. आशियातलं पहिलं नाही, जपानचं तोकाई 1966 लाच सुरू झालं होतं. भारतातलं पहिलं मात्र नक्की, ऑक्टोबर 1969 पासून वीज विकतंय.

आता मुख्य मुद्दा. सगळा खेळ इंधनाचा आहे. खाणीतून निघतं त्या युरेनियममध्ये कामाचा भाग, म्हणजे युरेनियम-235, जेमतेम 0.7 टक्के असतो. 1 आणि 2 जीईच्या (अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक कंपनी), साध्या पाण्यावर चालणाऱ्या, आणि साधं पाणी न्यूट्रॉन, म्हणजे युरेनियमचा अणू फोडणारे कण, खातं त्यामुळे त्यांना हे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांपर्यंत वाढवलेलं युरेनियम लागतं, म्हणजे समृद्ध केलेलं, आणि ते करायची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हतीच. म्हणून 1963 च्या करारात अमेरिकेने 30 वर्षं इंधन द्यायचं कबूल केलं. तिकडून माल यायचा आणि हैदराबादला त्याचे इंधनाचे बंडल बनायचे. 3 आणि 4 मध्ये साध्या पाण्याऐवजी जड पाणी (हायड्रोजनचा जड प्रकार असलेलं) असतं, ते न्यूट्रॉन फारसं खात नाही, त्यामुळे खाणीतलं युरेनियम आहे तसंच चालतं, कुणाच्या दारात जायला नको. जड पाणी तर आपल्या अलिबागजवळ थळलाही बनतं.

मग 1974 ला पोखरण झालं आणि अमेरिकेने टाळाटाळ सुरू केली, 1978 ला त्यांच्याकडे नवा कायदा आला आणि पुरवठा जवळपास संपला. 1982 ला फ्रान्सशी जमलं, नंतर चीनने दिलं, नंतर रशियाने. म्हणजे कोकणपट्टीतलं एक केंद्र चालू ठेवायला चार देशांकडे वाडगं फिरवलं. हे बघितल्यावर तीच पद्धत पुन्हा कोण बांधेल?

पेन्शनर_अणु

वरचं बरोबर आहे पण जड पाण्याचा निर्णय 1974 नंतर झाला असं वाचणाऱ्याला वाटेल, तसं नाहीये. भाभांचा कार्यक्रम आधीपासूनच जड पाणी आणि देशी युरेनियमवर उभा होता, पुढे थोरियम. कॅनडाच्या मदतीने राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राचं काम तारापूर चालू व्हायच्या आधीच लागलं होतं. तारापूर हा मुद्दाम केलेला अपवाद. 1964 ला जीईला टर्नकी कंत्राट दिलं, म्हणजे त्यांनी बांधून चालू करून किल्ली हातात द्यायची. हेतू एवढाच की अणुवीज भारतात परवडते हे लवकर दाखवायचं आणि आपल्या पोरांना चालत्या केंद्रावर हात मारायला मिळावा. भाभांना ते चालू झालेलं बघायला मिळालं नाही, जानेवारी 1966 लाच विमान अपघातात गेले.

आणि 160 मेगावॅट म्हणताय ना, मुळात ती 210 ची होती बरं का! त्या मशीनमध्ये भट्टीतली वाफ सरळ टर्बाइनला जाते, आणि शिवाय एक जोड होती, सेकंडरी स्टीम जनरेटर, त्यातून जास्तीची वाफ मिळायची. त्याच्या नळ्या गळायला लागल्या. ते दुरुस्त करायचं म्हणजे किरणोत्सर्गात माणूस घालायचा, तो ठरलेला डोस घेऊन बाहेर आला की पुढचा आत. शेवटी ते जनरेटर वेगळे काढले आणि 80 च्या दशकात क्षमता 160 वर आणली. भट्टीतली वाफ थेट टर्बाइनला जाते म्हणून चालू असताना टर्बाइन हॉलमध्येही मोकळं फिरता येत नाही. 3-4 मध्ये ही भानगड नाही, तिथे टर्बाइनची वाफ वेगळ्या पाण्याची असते, आणि भट्टी बंद न करता मशीनने इंधन बदलता येतं, एकेका भट्टीत 392 नळ्या आहेत, एकेक नळी धरून बदलत जायचं. 540 चं पहिलं मशीन आपण तारापूरलाच केलं, 4 नंबर आधी 2005 ला आणि 3 नंबर नंतर 2006 ला, उलटा क्रम बघून लोक हसतात. त्याच घराण्यातलं पुढचं 700 चं आता गुजरातेत काकरापारला चालतंय.

उलटसुलट

काका माहितीबद्दल धन्यवाद, पण देशीचं एवढं कौतुकही नको. 2007-08 च्या सुमारास देशातलंच युरेनियम कमी पडलं होतं आणि देशी भट्ट्या अर्ध्या ताकदीवर चालवाव्या लागल्या. 2008 ला एनएसजीने, म्हणजे अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांच्या गटाने, सूट दिली, बाहेरचं युरेनियम आलं तेव्हा कुठे श्वास घेतला. आणि गंमत म्हणजे तारापूरच्या 3-4 ला ते बाहेरचं वापरताच येत नाही, कारण त्या आंतरराष्ट्रीय तपासणीच्या (इंधन बॉम्बकडे वळत नाही ना हे बघणाऱ्या) बाहेर ठेवल्यात. 1-2 मात्र पहिल्यापासून तपासणीखाली. म्हणजे एकाच कंपाउंडात एका बाजूला व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे इन्स्पेक्टर येणार आणि दुसऱ्या बाजूला त्यांना प्रवेश नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेही आहे, देशी म्हणजे नुसतं इंधन नाही, कुणाला आत घ्यायचं तेही.

वाफाळलेला

@उलटसुलट मान्य, हा मुद्दा माझ्याकडून राहिला. पण तरी हिशोब बघा, एवढी ओढाताण होऊनही 1-2 ची वीज वर्षानुवर्षं देशातल्या सगळ्यात स्वस्त विजेत मोडायची, कारण कर्ज कधीच फिटलं होतं. भाभांचा सौदा फसला असं मी तरी म्हणणार नाही.

उनभाट_किनारा

स्वस्त कुणाला हेही लिहा की. 3-4 च्या वेळी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली, भट्टीपासून 1.6 किलोमीटरच्या आत वस्ती नको म्हणून. आमचे नातेवाईक त्यातले. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला किनाऱ्यापासून आत प्लॉट दिला तर तो होडी काय अंगणात लावणार? नोकरीचं बोलणं झालं होतं, आमच्या घरात कुणाला मिळाली नाही. टेक्निकल चर्चा चालू द्या, वाचतोय.

बोईसर_लोकल

@उनभाट_किनारा दादा, खरंय, पोफरण पुनर्वसन हे नाव रोज कानावर पडतं आणि त्यामागचं कधी विचारलं नाही. बाकी सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, 1-2 एवढ्या जुन्या आणि फुकुशिमाचं पहिलं युनिटही जीईचंच होतं, मग काळजीचं काही?

पेन्शनर_अणु

काळजीचा विषय होताच, म्हणून तर 2020 ला दोन्ही बंद करून मोठ्या कामाला घेतल्या, रिसर्क्युलेशनचे, म्हणजे भट्टीतलं पाणी फिरवणारे, जुने पाइप बदलायचे होते. भट्टी थांबली तरी आतली उष्णता निघत राहते, ती काढायला पंप हवेत आणि पंपाला वीज. फुकुशिमाला त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरमध्ये शिरलं आणि तिथेच घात झाला. आपल्याकडे कुणी विचारायचंच असेल तर भट्टीचं वय किती यापेक्षा जनरेटर किती उंचीवर आणि पाण्याची दुसरी सोय काय, हे विचारा. आणि एक विनंती, एमआयडीसीत केमिकल कंपनीला आग लागली की 'तारापूरला स्फोट' असे मेसेज फॉरवर्ड करू नका, ती एमआयडीसी वेगळी आणि हे वेगळं, दरवेळी पुण्यामुंबईच्या नातेवाइकांचे फोन घेऊन आम्ही दमतो.