गुलमर्गला थंडीच्या सीझनचं काम आलंय, जाऊ का? गुरुवारपर्यंत कळवायचंय

वाईचा_गडी
नमस्कार मंडळी. गुलमर्गच्या एका हॉटेलातून बोलावणं आलंय. १५ डिसेंबर ते १५ मार्च, महिना १८ हजार, राहणं-खाणं त्यांचं. गुरुवारपर्यंत हो की नाही सांगायचंय. आमचं महाबळेश्वरचं हॉटेल दुरुस्तीसाठी मार्चपर्यंत बंद आहे, तोवर घरी बसून भागणार नाही. कुणी तिथं सीझन केलाय का? थंडी झेपेल का? किती स्वेटर न्यायचे? आई रोज विचारते. जरा लवकर सांगा.

कृष्णाकाठ
काम कसलं ते लिहिलंच नाहीस भावा. किचन, सर्व्हिस, हाऊसकीपिंग? करार लेखी आहे का? जायचं-यायचं भाडं कोण देणार? सुट्टी किती?

वाईचा_गडी
सर्व्हिसला आहे मी, सहा वर्षं झाली. करार वगैरे नाही, व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय. भाड्याचं विचारलं नाही. दादा, थंडीचं सांगा ना आधी.

अपशिंगे_फौजी
थंडीचं मी सांगतो. फौजेचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गलाच आहे, १९४८ पासून. तिथं कोर्स केलाय, एक अख्खा हिवाळा काढलाय. वेण्णा लेकवर दव गोठलं की आपल्याकडं पेपरात फोटो छापून येतो. तिथं रात्री उणे दहाच्या खाली जाणं नेहमीचं. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, सगळ्यात कडक थंडी. तू बरोबर तिच्या तोंडावर पोचतोयस.
स्वेटर मोजू नकोस, थर मोज. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचं, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आत घातलास तर घामानं भिजतो आणि मग तोच गारठवतो. पायमोजे सहा जोड ने, ओला जोड पायात एक मिनिट ठेवू नकोस. बूट अर्धा नंबर मोठा घे, आवळ बुटात रक्त फिरत नाही. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंच. पहिले दोन दिवस जिनासुद्धा सावकाश चढायचा.

तासगावची_लेक
माझं ऐक, एक माणदेशी घोंगडं ने. आमच्या आजोबांनी सगळे हिवाळे रानात राखणीला त्यावरच काढले. जाकिटांना कशाला पैसे घालायचे?

अपशिंगे_फौजी
ताई, झोपायला घोंगडं एक नंबर, मीही नेलं होतं. पण ते पांघरून हातात ट्रे धरता येत नाही. आणि बर्फानं भिजलं की वाळायला तीन दिवस घेतं.

तासगावची_लेक
भिजलं तरी लोकर ऊब सोडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

अपशिंगे_फौजी
ते खरं आहे. पण वजन?

कराड_ते_मेलबर्न
महिना १८ हजारांसाठी एवढं कशाला? ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा बघ, सबक्लास ४६२. २०२४ पासून भारतीयांना खुला झालाय, वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, लॉटरीनं नाव निघतं. तिकडचा बर्फाचा सीझन जून ते सप्टेंबर, म्हणजे महाबळेश्वर पावसानं बंद असतं नेमकं तेव्हा. थ्रेडबो, पेरिशर, फॉल्स क्रीक, सगळीकडं सीझनला माणसं लागतात.

कृष्णाकाठ
त्याला परवा उत्तर द्यायचंय आणि तुम्ही लॉटरी सांगताय. बारावीनंतरचं दोन वर्षांचं शिक्षण लागतं, इंग्रजीचा पुरावा लागतो, तेही सांगा की.

कराड_ते_मेलबर्न
यंदाचं नाही म्हणत मी. पुढच्या पावसाळ्याचं म्हणतोय. आत्ताच डोक्यात ठेवलं तर काय बिघडलं?

विट्याचा_गलाईवाला
गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळं आमचे चुलते तीस वर्षं जम्मूला आहेत, म्हणून एक सांगतो, जे कुणी सांगत नाही. आपलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही. बाहेरच्या राज्यातलं पोस्टपेडच चालतं. तिथं उतरल्यावर फोन बंद, बँकेचा ओटीपी बंद, पगार जमा झाला की नाही तेही कळणार नाही. निघायच्या आधी इथंच नंबर पोस्टपेड करून घे. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं जम्मू, पुढं कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत, जून २०२५ पासून सुरू झाली. बर्फात हायवे बंद पडला तरी अडकणार नाहीस.

फिरस्ती_कुटुंब
विषय निघालाच आहे तर विचारते. आम्ही चौघं २६ जानेवारीला चाललोय, सासूबाई ६८ वर्षांच्या. गोंडोलात, म्हणजे तिथल्या रोपवेत, बसवावं का?

विट्याचा_गलाईवाला
दोन टप्पे आहेत ताई. पहिला कोंगडूरीपर्यंत, तिथवर त्यांना न्या. दुसरा अफरवटला, जवळजवळ ३,९५० मीटर, तिथं दम लागतो, आणि वारा सुटला की तो बंदच ठेवतात. तिकिटं आधीच ऑनलाइन काढा.

पाटणकर
मी दोन हिवाळे गुलमर्गला काढलेत, स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानात. तुला कुठं लावणार ते आधी विचार. सर्व्हिस म्हणून नेतात आणि गर्दीत दुकानात उभं करतात, मला तसंच केलं.
सकाळी फावड्यानं दारातला बर्फ ओढायचा. रात्री बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या शेगडीजवळ, वाळत लावलेले बूट मापानं मांडायचे. स्कीच्या बुटाचं माप आपल्या नंबरात नसतं, सेंटिमीटरमध्ये असतं. पाय २७ सेंटिमीटर, तर बूट २७. पाहुणा म्हणतो आठ नंबर द्या, मग तू गुडघ्यावर बसून त्याचा पाय मोजायचा. बकलं धातूची, घट्ट. जाड हातमोज्यांनी ती लागत नाहीत, म्हणून हातमोजे काढायचे, दिवसातून शंभरदा. बोटांची वाट तिथं लागते. स्कीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट पकडून ठेवणारी पकड, माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी बघून लावायचं असतं. जास्त आवळलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. शिकवल्याशिवाय त्याला हात लावू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.
दुसरं, बर्फच पडला नाही तर? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं ठाक होतं, खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढं ढकलून फेब्रुवारीच्या शेवटी घेतले. २०२५ ला फेब्रुवारीचे मार्चवर गेले. त्या कोरड्या जानेवारीत आमच्या मालकानं अर्धाच पगार दिला, म्हणाला धंदाच नाही. लेखी काही नव्हतं, मी काय बोलणार? म्हणून विचार, बर्फ नसला तरी पूर्ण पगार का.

वाईचा_गडी
मेसेज परत वाचला. ‘रेस्टॉरंट अँड स्की शॉप’ असं लिहिलंय. मी रेस्टॉरंटच वाचलं होतं.
अजून एक, आधी सांगितलं नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात पहाटे चहाचे ट्रे नेताना माझी बोटं पांढरीफटक पडतात, दोन्ही हातांची. थोड्या वेळानं येतात मूळ रंगावर. सवयीनं जाईल ना ते?

अपशिंगे_फौजी
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं रे बाळा.

मिरजेची_सिस्टर
आधी पांढरी, मग निळसर, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात का? तसं असेल तर त्याला रेनॉ म्हणतात. थंडीनं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बऱ्याच जणांना नुसता तेवढाच त्रास असतो, पण काही वेळा मागं दुसरं दुखणं असतं. गुरुवारच्या आधी डॉक्टरांना दाखव. सिगारेट ओढत असलास तर बंद कर, तिनंही वाहिन्या आकसतात. आणि उणे दहात उघड्या हातानं धातूची बकलं? तुझ्या बोटांना ते काम नको. थंडी सवयीची होते, हे नाही होत.

वाईचा_गडी
हो ताई, लाल होऊन ठणकतात. सिगारेट नाही. उद्या सकाळी जातो.

वाईचा_गडी
डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं. रक्त तपासलं, रिपोर्ट चांगला आहे. आत काम असेल तर जा म्हणाले, बोटं जपायची. हॉटेलला फोन केला. फक्त रेस्टॉरंट, दुकान नाही, हे मान्य केलं. येण्याचं भाडं देणार, जाण्याचं माझं मी. बर्फ नसला तरी पूर्ण पगार का, असं विचारल्यावर दोन मिनिटं गप्प होते, मग हो म्हणाले. मी म्हटलं हे सगळं लिहून पाठवा. उद्या पाठवतो म्हणालेत. कागद हातात आल्याशिवाय होकार देत नाही.

पाटणकर
शाब्बास. कागद आला की इथं लिही, मी वाचून बघतो. माझे लोकरीच्या अस्तराचे बूट पाटणला पडून आहेत, नंबर सांग.

वाईचा_गडी
नऊ.

पाटणकर
माझे साडेनऊ. फौजींनी सांगितलंय तेवढेच मोठे. रविवारी साताऱ्याच्या स्टँडवर भेट, घेऊन येतो.