जीसीसीच्या गिटमधून 'कॉन्फिगर' हाकला

निरंक:
जीसीसी या कंपायलरच्या गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) ऑटोकॉन्फ या साधनाने 'कॉन्फिगर.एसी'वरून तयार केलेल्या 'कॉन्फिगर' फायली (बांधणीआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्ट) आजही कमिट होतात, म्हणजे साठ्यात नोंदल्या जातात. 'कॉन्फिगर.एसी'त बदल दोन ओळींचा, डिफमध्ये (बदलांच्या यादीत) शेकडो ओळींचा कचरा. त्यात ऑटोकॉन्फ नेमका २.६९ लागतो, २०१२ सालचा, तोही मूळ जीएनयूचा! डेबियन या लिनक्स वितरणाने ठिगळ लावलेला २.६९ चालवलात की 'रनस्टेटडिर'च्या नको त्या ओळी घुसल्याच म्हणून समजा. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर प्रकल्पाने २०१६ मध्ये ऑटोकॉन्फला रामराम ठोकून सीमेक हे बांधणीचं साधन धरलं. इथे निदान तयार फायली तरी गिटबाहेर काढा.

जुना खोड:
सीमेक बांधायलाच आधी सी++ कंपायलर लागतो, हे विसरलात. कॉन्फिगर म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट. ती काढलीत की प्रत्येकाच्या गळ्यात ऑटोकॉन्फ, त्यामागून ते चालायला लागणारे एम४ आणि पर्ल. नवख्या मशीनवर कंपायलर उभा करणाऱ्याने हे कुठून आणायचं?

निरंक:
तो माणूस रिलीजचा टारबॉल (आवृत्तीसोबत मिळणारं सोर्सचं गाठोडं) घेईल की! फ्लेक्स या साधनाने काढलेल्या लेक्सरचं (मजकुराचे शब्द तोडणाऱ्या भागाचं) असंच चालतं: त्याची तयार सी फाइल गिटमध्ये नसते, टारबॉलमध्ये असते. मग कॉन्फिगरचेच एवढे लाड का?

सईमाय:
टारबॉल? २०२४ च्या मार्चमधलं, एक्सझेड या फायली दाबणाऱ्या साधनात चोरदार घुसवल्याचं प्रकरण विसरलात का? ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमधल्या 'बिल्ड-टू-होस्ट.एम४'मध्ये जी मेख मारली होती, ती गिटमध्ये नव्हतीच. तयार फाइल गिटमध्ये असली की कुणीही ती नव्याने काढून ताडून पाहू शकतो. जीसीसीचं गिट जिथे आहे त्या सोर्सवेअर सर्व्हरवरचा बिल्डबॉट (आपोआप बांधून तपासणारी यंत्रणा) जीसीसीसाठी हेच करतो.

निरंक:
आणि त्याच एक्सझेडचा खरा विषारी माल ज्या चाचणी-फायलींत दडवला होता, त्या गिटमध्येच होत्या, राजरोस. कुणाला दिसल्या? हजारो ओळींचं कॉन्फिगर डोळ्यांखालून घालणारा माणूस मला दाखवाच.

गणू मेकवाला:
सुरक्षेचं राहू द्या, बाइसेक्टचं बोला. एखादी चूक कुठल्या कमिटने आणली ते शोधायला जुन्या कमिटवर जाऊन कंपायलर बांधावा लागतो. आज त्या कमिटसोबत तिचं कॉन्फिगरही येतं. ते नसेल तर त्या त्या काळचा ऑटोकॉन्फ शोधत फिरा. एक त्रास मात्र कबूल: गिट फायलींच्या वेळा जपत नाही, त्यामुळे तयार फाइल मूळ फाइलपेक्षा जुनी ठरू शकते आणि मेक हे बांधणीचं साधन ती पुन्हा काढायला धावतं. त्यासाठी 'कॉन्ट्रिब'मधल्या 'जीसीसी_अपडेट' स्क्रिप्टला 'टच' हा पर्याय द्यायचा.

निरंक:
बाइसेक्टचं पटलं. पण मग २.६९ ला किती वर्षं चिकटून बसायचं, ते सांगा.

जुना खोड:
बाइनयुटिल्स (असेंबलर-लिंकर) आणि जीडीबी (डीबगर) यांच्याशी वरच्या पातळीचं कॉन्फिगर सामाईक आहे. त्यांना सोबत घेतल्याशिवाय हलता येत नाही. करताय पॅच?