पोर्शे ९११ एससीचा एक स्टड तुटला म्हणून फुल इंजिन उघडायचं का?

बॉक्सर_सिक्स (श्टुटगार्ट):
जुन्या एअरकूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) पोर्शे ९११ वाल्यांमध्ये सध्या जे चाललंय त्यावर लिहायचंच होतं. कुणाच्या तरी एससीचं (१९७८ ते ८३ ची तीन लिटरवाली) टॅपेट सेटिंग करायला खालचं कव्हर काढलं की आत एक नट पडलेला सापडतो, म्हणजे हेडचा स्टड (हेड दाबून धरणारा लांब बोल्ट) तुटला. या इंजिनात सहा सुटे आडवे सिलिंडर केस (क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं मुख्य कवच) आणि हेडच्या मध्ये २४ लांब स्टडांनी दाबून धरलेले असतात, त्यातले खालचे १२ डिलावार नावाच्या मिश्रधातूचे, कारण तो तापल्यावर जवळपास ॲल्युमिनियमइतकाच वाढतो. पण खालच्या बाजूला पाणी, चिखल, इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ सगळं जाऊन बसतं, धातूला बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस गाडी नुसती उभी असताना स्टड तुटतो. इथपर्यंत वाद नाही. हेड काढा, खालचे बाराही बदला, व्हॉल्व्ह गाइड तपासा, ऑइल रिटर्न ट्यूब नव्या टाका आणि बंद करा. आपल्याकडच्या भाषेत हाफ इंजिन.
पण लोक तिथे थांबतच नाहीत. एकदा उतरवलंच आहे तर म्हणत केस फोडतात, म्हणजे तिचे दोन भाग सुटे करतात, क्रँक बाहेर, सगळी बेअरिंग नवी आणि बिल दुप्पट. का? एससीची केस ॲल्युमिनियमची आहे, आधीच्या २.७ लिटरवाल्या इंजिनासारखी मॅग्नेशियमची नाही. क्रँक आणि बेअरिंगचा भाग दोन-तीन लाख किलोमीटर आरामात जातो. तेल कडक तापलेलं असताना ५००० आरपीएमला साडेतीन बारच्या आसपास प्रेशर मिळतंय, तेलात धातूचा चुरा नाही, मग केसला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅरेरा_८६ (कॅलिफोर्निया):
पूर्ण असहमत. चाळीस वर्षं झालेल्या इंजिनाचे सील आणि ओ-रिंग आतून दगड झालेले असतात. केसच्या दोन भागांमध्ये गॅस्केट नसतं, नुसतं सीलंट असतं, आणि आरपार जाणाऱ्या बोल्टच्या ओ-रिंग झिरपायला लागल्या की ते बाहेरून नीट बंद होत नाही. तू आज नुसतं हेडचं काम करणार, दोन वर्षांनी तेल गळतंय म्हणून परत सगळं खाली. आणि माझ्या ३.२ चं (एससीनंतरची ३.२ लिटरची कॅरेरा) सांगतो, कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट फक्त ९ मिमीचे आहेत, इंजिन जोरात फिरवणाऱ्या माणसाने हेड उघडलेले असताना ते तसेच सोडून द्यायचे? केस न फोडता रॉड बेअरिंग बदलणारे लोक आहेत हे मलाही माहितीय, पण सिलिंडरच्या भोकातून हात घालून बोल्ट किती ताणला ते कसं मोजणार. मला मनावर ओझं घेऊन गाडी चालवायची नाही.

बॉक्सर_सिक्स:
३.२ च्या रॉड बोल्टचा मुद्दा मान्य, ट्रॅकवर जाणाऱ्याने जरूर बदलावेत. पण "परत सगळं खाली" या भीतीचा इतका बाऊ का? ९११ चं इंजिन गिअरबॉक्ससकट एका तुकड्यात खाली येतं, गाडीची मागची बाजू उंच घ्यायची, ऑइल लाइन, वायरिंग, केबल, ड्राइव्ह शाफ्ट सोडवायचे आणि जॅकवर उतरवायचं. हात बसलेला माणूस अर्ध्या दिवसात करतो. उतरवण्यात पैसा जात नाही, उघडण्यात जातो. आणि केस उघडण्यात धोका नाही असं थोडंच आहे, सीलंट जास्त लागलं तर त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत जातात. चांगली जुळलेली बेअरिंग फक्त वय झालं म्हणून काढायची हे मला पटतच नाही.

मॅग_केस (लंडन):
तुमचं एससी आणि ३.२ पुरतं ठीक आहे पण कुणी हे वाचून २.७ ला लावू नका प्लीज. १९७४ ते ७७ च्या मॅग्नेशियम केसमध्ये स्टड सहसा तुटत नाही, केसचे आटेच घेऊन वर येतो. अमेरिकेत त्यातल्या बऱ्याच गाड्यांना प्रदूषण कमी करायला थर्मल रिॲक्टर लावले होते, त्यांनी एक्झॉस्टची उष्णता हेडपाशीच कोंडली. तिथे केस पूर्ण सुटी करून प्रत्येक भोकात नवे आटे बसवायचे, पृष्ठभाग सपाट आहे का तपासायचा, हे फुल कामच आहे. तिथे हाफ इंजिन म्हणजे पैसे पाण्यात.

कॅरेरा_८६:
बरं मग नवे स्टड कुठले टाकणार ते सांग. परत डिलावार की स्टील?

बॉक्सर_सिक्स:
स्टील. वरचे १२ पहिल्यापासून साधे स्टीलचेच आहेत आणि ते सहसा तुटत नाहीत.

मॅग_केस:
हे इतकं सरळ नाही हो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर तापला की स्टीलपेक्षा खूप जास्त वाढतो, म्हणजे गरम इंजिनात स्टीलच्या स्टडवर ताण वाढतो आणि तो शेवटी केसच्या आट्यांवर येतो. वरच्या बाजूला थंड हवा आधी लागते, खाली एक्झॉस्ट आहे. इंजिनिअरांनी खाली वेगळा धातू घातला तो उगाच नाही. ॲल्युमिनियमची केस हा ताण सहन करते म्हणून एससीत चालून जातं एवढंच म्हणा.

बॉक्सर_सिक्स:
चालून जातं हेच पुरेसं आहे मला, गंजून तुटणाऱ्या धातूपेक्षा थोडा जास्त ताण घेणारा पण टिकणारा स्टड मी केव्हाही घेईन.

बुलेटवाला_मिस्त्री (पुणे):
मी बुलेट आणि जुन्या बीटल करतो, ९११ वर हात फार कमी वेळा पडलाय, पण एअरकूल्ड ते एअरकूल्ड. उघडायचं किती यावर इतकं बोललात, मोजायचं काय यावर फारच कमी. उतरवायच्या आधी सहाही सिलिंडरची लीकडाउन टेस्ट घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती गळते ते बघा, आणि हवा एक्झॉस्टमधून जाते की ब्रीदरमधून (केसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) हे कानाने ऐका. ब्रीदरमधून आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. आणि रिंगा बदलायच्या आधी सिलिंडर निकासिलचा (आतून निकेलचा कडक थर दिलेला) आहे की अल्युसिलचा (थर नसलेला, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा) ते बघा, एससीत दोन्ही आलेत, अल्युसिलला आपला नेहमीचा होनिंगचा (आतून घासायचा) दगड फिरवला तर सिलिंडर गेला. गिऱ्हाइकाला फुल इंजिन सांगणं मेकॅनिकला सोपं असतं कारण मग निदान करावं लागत नाही, हे मी माझ्याच धंद्याबद्दल बोलतोय.

कॅरेरा_८६:
निदानाचं मान्य. तरी माझी उघडेन तेव्हा पूर्णच उघडेन, मला ती पुढची वीस वर्षं चालवायचीय आणि मुलीला द्यायचीय, अर्धवट माहिती असलेलं इंजिन तिच्या हातात नको.

बुलेटवाला_मिस्त्री:
उघडा, गाडी तुमची आहे. फक्त जुने स्टड थंड केसमधून पाना लावून पिळू नका कुणीच. कंपनीने आट्यांना लॉकिंग लिक्विड लावलेलं असतं, आधी स्टडच्या बुडाशी केस टॉर्चने चांगली तापवा, मग सावकाश फिरवा. केसमधलाच आटा निघाला तर हाफ इंजिनवाल्यालाही फुल करावं लागेल.