प्रति: डोंगरातली जागा आणि दलालाचे दोन टक्के
"सातबारा कोरा असला की झालं, दलालाला दोन टक्के कशाला" हे वर लिहिलंय ते पटलं नाही. मी मुळशीकडे जागांच्या दलालीचंच काम करतो. सातबाऱ्यावर मालकी कळते, वाट कळत नाही. गटाच्या, म्हणजे त्या जमिनीच्या तुकड्याच्या, नकाशात रस्ता नसेल आणि शेजाऱ्याने बांधावर कुंपण घातलं, की जागा अडकलीच. म्हणून मी आधी नकाशा काढतो, मग गावातल्या म्हाताऱ्यांना वहिवाट, म्हणजे पूर्वीपासून जा-ये कुठून होते ते, विचारतो.

आणि पावसाळ्यात जागा पसंत करू नका, कळकळीने सांगतो. जुलैत एका गिऱ्हाइकाने धबधबा बघून टोकन दिलं. तिथेच एप्रिलमध्ये झऱ्याच्या खळग्यात बसून वाटीवाटीने हंडा भरणारी बाई मी पाहिलीय. तेव्हापासून उन्हाळ्यात एक फेरी झाल्याशिवाय मी कुणाचं टोकन घेत नाही.